वृद्धाश्रमातील वैयक्तिक वस्तूंची जपणूक

वृद्धाश्रमात किंवा सशुल्क ज्येष्ठ निवासात राहायला आलेल्या माणसाचे कपडे, दागिने, रोकड, कागदपत्रे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, देव्हाऱ्यातले देव अशा वस्तू हरवू नयेत, चोरीला जाऊ नयेत आणि तो गेल्यावर योग्य हाती पडाव्यात यासाठी पाळायची व्यवस्था. मुंबईत हा प्रश्न जागेशी बांधलेला आहे. उभा संसार एक खाट, एक कपाट आणि खाटेखालच्या ट्रंकेत बसवावा लागतो. शहरातल्या जागांचे भाव न परवडल्याने अनेक मुंबईकर पनवेल, कर्जत, नेरळ, वसईकडच्या निवासांत जातात. मुलांची फेरी रविवारी होते, म्हणजे सोमवारी हरवलेल्या वस्तूची बोंब होईतो सहा दिवस उलटलेले असतात.

चोरीची चर्चा फार होते, पण वस्तू जातात त्या बहुतेक धुण्यात आणि चादरी बदलताना. तीसचाळीस जणांचे कपडे एकत्र धुतले की पांढरे सदरे नि फिकट गाऊन ओळखायचे कसे? धोबी पूर्वी बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत. चुना लागला की ती काळी पडते आणि कापड फाटले तरी जात नाही. बिब्बा कातडीवर उततो, त्यामुळे आता न धुपणाऱ्या शाईचे पेन वापरतात किंवा कॉलरच्या आत, परकराच्या नाड्याजवळ दोऱ्याने आद्याक्षरे काढतात. खोली क्रमांक मात्र घालू नये, कारण खोली बदलते. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची मराठी घरांतली जुनी सवय इथे आयतीच उपयोगी पडते.

कवळी आणि श्रवणयंत्राचे हाल सर्वांत वाईट. जेवताना टोचते म्हणून कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली जाते आणि उष्ट्या ताटाबरोबर कचऱ्यात जाते. श्रवणयंत्र उशीच्या अभ्र्यातून थेट मशीनमध्ये पोहोचते. कवळी बनवतानाच दंतवैद्याकडून तिच्यात नावाची चिठ्ठी बसवून घेता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. सोन्याची पोत गेली तर घरात भांडण होते. कवळी गेली तर माणूस महिनाभर मऊ भातावर राहतो, आणि त्याची तक्रार मात्र कोणी लिहून घेत नाही.

प्रवेशाच्या दिवशी सामानाची यादी दोन प्रतींत करून त्यावर रहिवासी, नातेवाईक आणि व्यवस्थापक यांच्या सह्या घेतात. दागिना तपासून घेतलेला नसेल तर ‘सोन्याच्या बांगड्या’ न लिहिता पंचनाम्याप्रमाणे ‘पिवळ्या धातूच्या दोन बांगड्या’ असे लिहिणे बरे. वजन ग्रॅममध्येच हवे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाचा आजचा १० ग्रॅमचा. नुसते ‘दोन तोळे’ लिहिले की तीन ग्रॅमचा वाद तयार! वर्षातून एकदा तरी यादी ताडून पाहिली नाही, तर तिचा उपयोग फक्त फायलीला.

मौल्यवान दागिने आश्रमात आणूच नयेत. बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली किंवा बँक कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. हल्लीचा नाजूक भाग मोबाइलचा. पेन्शनचे खाते, यूपीआयचा पिन आणि ओटीपी सगळे त्या एका फोनवर, आणि पैसे पाठवायला मदत करणारी मावशीच पिन पाठ असलेली. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसली तरी ही व्यवस्था तिच्यावरही अन्यायच करते, कारण उद्या काही गेले की पहिले बोट तिच्याकडे जाते.

स्मृतिभ्रंशात हे रोजचेच. आजी बटवा उशीच्या अभ्र्यात, देवांच्या आसनाखाली किंवा कनवटीला लपवतात, विसरतात आणि ‘हिनेच नेला’ म्हणतात. जुने कर्मचारी वाद घालत नाहीत. ‘चला, आपण दोघी शोधू’ म्हणून नेहमीच्या जागा पाहतात, आणि वस्तू आजींच्याच हाताला लागेल असे करतात.

ज्येष्ठांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी कृती आराखडा आखण्याचे काम २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाच्या कलम २२ ने राज्य शासनावर सोपवले आहे. संस्थेच्या ताब्यात पावती घेऊन दिलेल्या वस्तूंना १८७२ चा भारतीय करार कायदा लागतो. कलम १५१ नुसार सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी संस्थेने घ्यायला हवी. स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या किल्लीखाली ठेवलेल्या वस्तूचे तसे नाही, म्हणून पावतीला महत्त्व. राहत्या इमारतीतल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

निधनानंतर खाट लवकर रिकामी करावी लागते. सामान दोन साक्षीदारांसमोर यादीशी ताडून बांधतात आणि प्रवेशपत्रात नोंदलेल्या व्यक्तीला सही घेऊन देतात. ती व्यक्ती फक्त ताबा घेणारी असते, वारसा तिचाच असे नव्हे. दागिने, पासबुके, फोटो नेले जातात. अंथरूण-पांघरूण, वॉकर आणि नाव घातलेले तांब्या-भांडे बरेचदा आश्रमालाच देऊन टाकतात.