ऑगस्टमध्येच मिळालेला पहिला नंबर

आमचा एक मावसभाऊ सांगलीहून एमएस करायला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि तिकडचाच झाला. जाताना त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडू. तिकडचं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा खेळ. आता नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला, की त्याच्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सोय नसते. १ डिसेंबर २०२४ ला, आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले असताना, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा एका शब्दाचा मेसेज पडला: ‘हरले.’ मावशीने चष्मा न लावता तो ‘वारले’ असा वाचला आणि घरातले सगळे दिवे लागले.

झालं होतं ते असं. देशात दुसऱ्या नंबरवर असलेला ओहायो स्टेटचा संघ कोलंबसमधल्या स्वतःच्या मैदानावर, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर, मिशिगनशी खेळत होता. मिशिगनने त्या मोसमात अकरापैकी पाच सामने गमावले होते. सट्टेबाजांच्या हिशेबाने ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकणार होतं. शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण मिळवले, आणि सामना १३-१० असा घेतला. मिशिगनच्या पोरांनी आपला झेंडा मैदानाच्या मधोमध रोवायला घेतला, हाणामारी जुंपली आणि शेवटी पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. मिशिगनकडून ही सलग चौथी हार होती. प्रशिक्षक रायन डे यांना घरी पाठवा, अशी ओरड त्याच संध्याकाळी सुरू झाली.

आता नुसते आकडे पाहा. तीन गुणांची हार. तीच मिशिगनच्या वाट्याला आली असती, तर ‘मोठ्या संघाला घाम फोडला’ म्हणत ती मंडळी छाती काढून घरी गेली असती. तीनच गुण, पण एकाला सुतक आणि दुसऱ्याला शाबासकी. हारीचं वजन गुणफलकावर मोजता येत नाही. ते मोजायचं तर सामना सुरू होण्यापूर्वी माणूस मनाने कुठे उभा होता, हे आधी बघावं लागतं. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोघांनी गेल्या काही दशकांत हे बरंच तपासलं आहे, आणि त्यासाठी अमेरिकन कॉलेज फुटबॉलइतकी सोयीची प्रयोगशाळा मिळणं अवघड.

सोयीची अशासाठी, की इथे अपेक्षा चक्क छापून येते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून दर आठवड्याला क्रमवारी काढते आणि १९५० पासून मोसम सुरू होण्याआधीचीही काढते. साठेक क्रीडा पत्रकार आपापले पंचवीस संघ लिहून देतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं उतरत जाऊन बेरीज होते. ऑगस्टमध्ये ही यादी येते तेव्हा एकाही संघाने चेंडूला हात लावलेला नसतो. मग पत्रकार बघतात काय? गेल्या वर्षीचा निकाल, जुने खेळाडू किती परत आलेत, आणि नव्याने भरती झालेल्या पोरांचं नाव किती.

मेख ‘गेल्या वर्षीचा निकाल’ या शब्दांत आहे. नियमित मोसमात एका संघाचे सामने होतात अवघे बारा. समजा, वरच्या गटातले १३० संघ अगदी तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नुसती छापा-काटा. तरीही बारापैकी नऊ किंवा जास्त सामने जिंकणारे नऊ-दहा संघ निव्वळ नशिबाने निघतील. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, १२ नाण्यांत ९ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता ४०९६ मध्ये २९९ येते, म्हणजे साधारण सात टक्के. खरे संघ सारखे नसतात हे उघड आहे. पण कुठल्याही झगझगीत मोसमात गुणवत्तेबरोबर थोडं नशीब कालवलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी गुणवत्ता बहुतेक परत येते, नशीब परत येईलच असं नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना हेच पाहिलं. मुलं उंच निघत, पण सरासरीने पाहिलं तर आईबापांइतकी उंच नाही. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. वरच्या टोकाला बसवलेला संघ थोडा खाली येणं हा सांख्यिकीचा साधा परिणाम आहे. चाहता मात्र प्रशिक्षकाचा राजीनामा मागतो.

लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं, म्हणजे यूएससीचं २०१२ सालचं उदाहरण घ्या. आधीच्या वर्षी १० विजय, २ पराभव, आणि शेवटच्या सामन्यात त्याच शहरातल्या यूसीएलएचा ५०-० असा फडशा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा, मॅट बार्कली व्यावसायिक लीगमध्ये जायचं सोडून आणखी एका वर्षासाठी थांबला. ऑगस्टच्या यादीत पहिला नंबर. सप्टेंबरच्या मध्यावर स्टॅनफर्डने त्यांना २१-१४ ने हरवलं आणि तिथून गाडी घसरली. नोव्हेंबरात यूसीएलएने ३८-२८ ने हिशेब चुकता केला, त्याच सामन्यात बार्कलीचा खांदा गेला. पुढच्या शनिवारी नोत्र दामने, म्हणजे दुसऱ्या जुन्या वैऱ्याने, त्यांच्याच मैदानात २२-१३ ने मात दिली. शेवटी सन बोल या मोसमाअखेरच्या सामन्यातही हार, मोसमाचा हिशेब ७ विजय, ६ पराभव, आणि पंचविसाच्या यादीत नावच नाही. पहिल्या नंबरवर सुरुवात करून यादीबाहेर मोसम संपवण्याची ही १९६४ च्या मिसिसिपीनंतरची पहिलीच वेळ. सात विजय मिळवलेल्या एखाद्या छोट्या कॉलेजने गावात मिरवणूक काढली असती. यूएससीने पुढच्या मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक काढला.

डोक्यात याचं गणित कसं चालतं? मेंदूचे अभ्यासक वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम नोंदवलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की या पेशी जोरात उसळत. दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळतो हे माकडाच्या ध्यानात आलं, तशी ती उसळी रसावरून दिव्यावर सरकली. रस मिळाला तरी पेशी ढिम्म, कारण तो तर येणारच होता. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची धुगधुगीसुद्धा खाली पडे. रस काल नव्हता, परवाही नव्हता, तेव्हा काही बिघडलं नव्हतं. आता मात्र ‘न मिळणं’ ही एक घटना झाली होती. ऑगस्टची यादी म्हणजे तो दिवा. पहिल्या नंबरवाल्यांचा आनंद ऑगस्टमध्येच उधळून होतो, सप्टेंबरातले विजय ‘ठीक आहे, जिंकायचेच होते’ या खात्यात जातात आणि पराभव तेवढा पुरेपूर लागतो. १९७९ मध्ये कानेमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसांच्या निर्णयांबद्दल हेच सूत्र मांडलं होतं. नफा-तोटा आपण एका संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तेवढ्याच नफ्यापेक्षा तोटा जास्त बोचतो.

इथवर गंमत आहे. पुढचा भाग गमतीचा नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडच्या घरगुती हिंसाचाराच्या नोंदी शेजारी ठेवल्या. स्थानिक संघ चार किंवा जास्त गुणांनी जिंकेल असा अंदाज असताना हरला, तर पुरुषांनी बायकोवर किंवा मैत्रिणीवर घरात हात उचलण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढत होतं. वाढ सामना संपण्याच्या आसपासच्या थोड्या तासांत एकवटलेली, आणि महत्त्वाच्या सामन्यांनंतर अधिक. सामना अटीतटीचा होणार असं आधीच ठाऊक असेल, तर हारीनंतर जवळपास काहीच फरक नाही. अनपेक्षित विजयानंतर हिंसा कमी झाली म्हणावं, तर तेही नाही. मला सगळ्यात चटका लावून गेला तो एक बारीक निष्कर्ष: मध्यंतरालाच संघ मागे पडलेला असला, तरी लोक आपली अपेक्षा खाली आणताना दिसत नव्हते. गुणफलक समोर असूनही मन सकाळच्या अंदाजापाशीच बसलेलं.

बिअर घेऊन सोफ्यावर बसणाऱ्यांचं हे असं, सुशिक्षित माणसांचं काय? ओझकान एरेन आणि नाजी मोजान या अर्थशास्त्रज्ञांनी लुइझियानातल्या बालन्यायालयांचे १९९६ ते २०१२ चे निकाल तपासले. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ अनपेक्षितपणे हरला, की पुढच्या आठवडाभरात न्यायाधीश अल्पवयीन आरोपींना जास्त लांबीच्या शिक्षा देत होते. हा परिणाम मुख्यतः त्याच विद्यापीठाची पदवी घेतलेल्या न्यायाधीशांमुळे दिसत होता, आणि जादा शिक्षेचा बोजा कृष्णवर्णीय मुलांवर पडत होता. जिंकायची खात्री होती म्हणून हरल्याचा राग, आणि तो निघाला शनिवारच्या सामन्याशी काडीचा संबंध नसलेल्या पोरावर.

अपेक्षेचं झालं. पण मिशिगनच का? ओहायो स्टेट दुसऱ्या कुणाशी हरलं असतं तर मावशीची झोप मोडली नसती. गॅव्हिन किल्डफ आणि सहकाऱ्यांनी कॉलेज बास्केटबॉलमधली वैरं अभ्यासली, तेव्हा तीन गोष्टी वर आल्या: जवळ राहणं, सारखं असणं, आणि वर्षानुवर्षं तुल्यबळ झुंज होणं. मराठीत याला भाऊबंदकी हा तयार शब्द आहे. परक्या मुलखातला श्रीमंत डोळ्यांत खुपत नाही, चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर खुपतो.

ओहायो आणि मिशिगनचं तर मूळ भांडणच बांधाचं. १७८७ च्या कायद्याने सीमारेषा मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकावरून आखायची ठरली, पण त्या काळच्या नकाशात ते टोकच चुकीच्या जागी होतं. परिणामी टोलेडोजवळची आठ ते तेरा किलोमीटर रुंदीची पट्टी दोघांनीही आपली म्हटली आणि १८३५ मध्ये दोन्हीकडची फौज बाहेर पडली. ‘टोलेडोचं युद्ध’ असं भारदस्त नाव असलेल्या या प्रकरणात जखमी झाला एक उपशेरीफ, तोही खिशातल्या चाकूने. पट्टी ओहायोला गेली आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेचं द्वीपकल्प मिळालं. दोन्ही विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ चा. तलाठ्याच्या चुकीच्या नकाशावरून दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आणखी समजावून सांगायला नको. आजही सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरचं इंग्रजी ‘एम’ अक्षर लाल फुलीने झाकलं जातं.

वैरात डोळेही आपले राहत नाहीत. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टनने डार्टमथला १३-० ने हरवलं. प्रिन्स्टनच्या लाडक्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथचे किती? प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या मुलांना ४.३. पडदा एक, फिल्म एक. मला यातला आवडलेला माणूस म्हणजे डार्टमथचा एक जुना विद्यार्थी. त्याने फिल्म मागवून पाहिली, त्यात आपल्या संघाचे गाजलेले गुन्हे काही केल्या दिसेनात, तेव्हा त्याने तार केली, की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, उरलेला तुकडा पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे.

अपेक्षा आणि भाऊबंदकी एकाच शनिवारी एकत्र आली, की काय होतं ते अलाबामात दिसलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये अलाबामा पहिल्या नंबरवर. नोव्हेंबरात, घरच्या मैदानावर, त्याच राज्यातल्या ऑबर्नविरुद्ध त्यांची २४-० अशी आघाडी होती, आणि सामना ऑबर्नने २८-२७ ने नेला. पुढे त्या वर्षीचं अजिंक्यपदही ऑबर्ननेच नेलं. त्या हारीनंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या दोन जुन्या ओक झाडांच्या बुंध्याशी टेब्यूथायुरॉन नावाचं तणनाशक ओतलं आणि जानेवारीत रेडिओवर फोन करून स्वतःच ते सांगितलं. विजयानंतर ऑबर्नचे लोक याच झाडांवर टॉयलेट पेपरच्या पट्ट्या उडवायचे.

हे तणनाशक मुळांतून वर चढतं आणि पानांमधलं प्रकाशसंश्लेषण अडवतं. झाड पानं टाकतं, साठवलेला स्टार्च खर्चून नवी पालवी काढतं, त्या पालवीतही विष पोचतं, ती गळते, पुन्हा पालवी. साठा संपेपर्यंत हे चालू. विद्यापीठाने माती उपसली, बदलली, बरेच उपाय केले. एप्रिल २०१३ मध्ये झाडं काढावी लागली. तो माणूस तुरुंगात गेला.

आता पुन्हा मावसभाऊ. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी कॉलेजचे कपडे जास्त घालतात आणि जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘वी’ जास्त वापरतात. हरलेल्या सामन्याच्या वर्णनात तो ‘वी’ रोडावतो. इंग्रजीला हे एकाच शब्दावर भागवावं लागतं. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. २१ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळी दहाच्या सुमारास मी ऑफिसात असताना त्याचा फोन आला. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं होतं, प्रशिक्षक तेच, रायन डे.

“आपण जिंकलो!” तो ओरडला. आयुष्यात कोलंबस न पाहिलेल्या मलाही त्याने आत घेतलं होतं.

मी म्हटलं, “अरे वा. मग मिशिगनचं दुःख फिटलं म्हणायचं.”

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, “ते हरले रे त्या दिवशी. ते वेगळं.”