टास्मेनियन ओक नावाची निलगिरी: फिकट लाकडी भिंतीमागची पार्श्वभूमी

मेलबर्नमध्ये नवीन घर बांधलं की हॉलमधली किंवा पलंगामागची एक भिंत लाकडी करायची असं हल्ली बऱ्याच मराठी घरांत ठरलेलं असतं, आणि वखारीत जाऊन फिकट रंगाचं हार्डवुड मागितलं की दोन नावं सगळ्यात आधी कानावर येतात, टास्मेनियन ओक आणि व्हिक्टोरियन ॲश. यातलं पहिलं ओक नाही आणि दुसरं ॲश नाही. दोन्ही निलगिरी आहेत, म्हणजे आपण मराठीत ज्याला सरसकट निलगिरी म्हणतो त्या युकॅलिप्टसच्या कुळातली झाडं.

आता निलगिरी हे नाव तरी कुठं त्या झाडाचं आहे? ते डोंगराचं नाव. 1840च्या दशकात इंग्रजांनी उटीच्या बाजूला जळणासाठी म्हणून ब्लू गम लावला, पुढं त्याचं तेल निलगिरीचं तेल म्हणून घराघरात आलं आणि झाडाला डोंगराचंच नाव पडलं. हा ब्लू गम मुळात टास्मेनिया या बेटाचा आणि मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या दक्षिण भागाचा, टास्मेनिया राज्याचं ते मानचिन्ह आहे. कुर्ग-निलगिरीच्या चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीला असतो तो सिल्व्हर ओक पण ऑस्ट्रेलियातूनच आलेला आणि तोही ओक नाही. वडाची साल पिंपळाला लावायची सवय दोन्हीकडं सारखीच. पण भिंत निवडताना ही सवय नुकसान करते असं माझं मत आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

टास्मेनियन ओक हे एका झाडाचं नाव नाही, ते तीन झाडांचं मिळून बाजारातलं नाव आहे: युकॅलिप्टस रेग्नन्स, डेलेगेटेन्सिस आणि ऑब्लिका. व्हिक्टोरियन ॲश म्हणजे यातली पहिली दोन. म्हणजे तेच झाड समुद्राच्या अलीकडं तोडलं तर ॲश आणि पलीकडं तोडलं तर ओक! रेग्नन्सला व्हिक्टोरियात माउंटन ॲश म्हणतात आणि टास्मेनियात स्वॅम्प गम, म्हणजे एकीकडं डोंगर आणि दुसरीकडं दलदल, आणि इंग्लंडमध्ये माउंटन ॲश म्हटलं की लोकांना लाल फळांचं रोवन नावाचं भलतंच झाड आठवतं. ऑब्लिकाला इथं मेसमेट म्हणतात आणि ते वेगळ्या नावानं वेगळ्या भावात विकलंही जातं. वसाहतीच्या काळात आलेल्या इंग्रज सुतारांना हे लाकूड रंगानं आणि ताकदीनं घरच्या ओक-ॲशसारखं वाटलं, ओळखीचं नाव लावलं की माल विकायलाही सोपं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

याचा परिणाम वखारीत हातात घेतल्यावर कळतो. मी एकदा एकाच गठ्ठ्यातल्या तीन फळ्या खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक वाळलेल्या गवतासारखी पिवळट, दुसरीत सरळ गुलाबी झाक, तिसरी बदामी आणि तिच्यात डिंकाची काळी शीर गेलेली, बोटाला खडबडीत लागणारी. तिन्हीवर नाव एकच. विक्रेत्याला विचारलं यातली रेग्नन्स कुठली, तर तो म्हणाला ते कोणी वेगळं काढत नाही. खोटं बोलत नव्हता तो. ते नाव रंगाच्या आसपासचा एक पट्टा सांगतं, झाड सांगत नाही.

हार्डवुड या शब्दाचाही असाच घोटाळा. हार्डवुड म्हणजे रुंद पानांच्या झाडाचं लाकूड, कठीण लाकूड असा त्याचा अर्थ नाही, बोटानं दाबलं तर खड्डा पडतो तो बाल्सासुद्धा हार्डवुडच. कठीणपणा मोजायचा जँका नावाचा आकडा असतो, त्यात टास ओक साधारण 5.5 किलोन्यूटन आणि ब्लॅकबट नावाची दुसरी निलगिरी 9च्या आसपास, आणि लोक हा फरक ऐकून भिंतीसाठी पण ब्लॅकबटकडं वळतात. जमिनीला ठीक आहे, भिंतीवर कोण चालणार आहे? भिंतीला रंग, रेषा आणि फळी सरळ राहणं एवढंच लागतं, आणि हलकी फळी बसवायलाही सोपी जाते.

मागचा इतिहास थोडक्यात. मेलबर्नच्या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या घरांत ज्या लाकडी भिंती दिसतात त्या बहुतेक बाहेरून आणलेल्या बाल्टिक पाइनच्या, म्हणजे सॉफ्टवुडच्या. खाचेत जीभ बसणाऱ्या फळ्या, सांध्यावर व्ही आकाराची रेघ, आणि वरून रंग. हाताशी एवढं जंगल असून लाकूड जहाजानं आणायचं कारण म्हणजे इथलं निलगिरीचं लाकूड वाळताना घात करायचं. पेशींमधलं पाणी निघून जाताना पेशी आतून चपट्या होतात, फळी उन्हात ठेवलेल्या कारल्याच्या चकतीसारखी सुरकुतते, याला कोलॅप्स म्हणतात. यावर उपाय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथंच सापडला, फळीतला ओलावा 15 ते 20 टक्क्यांवर आला की तिला बंद खोलीत सुमारे 100 अंशाच्या वाफेत काही तास ठेवायचं, चपट्या पेशी परत फुगतात आणि फळी बरीचशी मूळ आकारात येते. मग पुन्हा भट्टीत वाळवायची. हे वाफेचं तंत्र नसतं तर आज भिंतीला लावतो ती गुळगुळीत फिकट फळी मिळालीच नसती, पण शोरूममध्ये याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पुढचं मोठं वळण 13 जानेवारी 1939. त्या शुक्रवारच्या आगीसह त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत व्हिक्टोरियात 71 माणसं गेली, जवळजवळ 20 लाख हेक्टर जळलं आणि 69 सॉ मिल खाक झाल्या, कारण तेव्हा मिल जंगलाच्या आत असायच्या आणि कामगार कुटुंबासकट तिथंच राहायचे. चौकशी बसली, नंतर मिल जंगलातून गावात आल्या, आणि जळून उभी राहिलेली झाडं कापायचं काम पुढं बरीच वर्षं चाललं. माउंटन ॲशची गोष्ट इतर निलगिरींसारखी नाही, बाकीच्या बऱ्याच जाती जळल्या तरी खोडातून फुटतात, हे झाड मोठ्या आगीत मरतं आणि वरच्या बोंडांतलं बी खाली राखेत पडून एकदम सगळं रान एकाच वयाचं उगवतं. (मराठी माणसाला ॲश म्हटलं की आधी राख आठवते, इथं ते योगायोगानं बरोबर बसतं.) त्यामुळं मेलबर्नच्या पूर्वेच्या डोंगरात पुढच्या पिढ्यांनी जे तोडलं त्यातलं बरंच 1939 नंतर उगवलेलं रान होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या घरांत हे लाकूड जमिनीला गेलं आणि कार्पेटखाली झाकलं गेलं. सत्तरच्या दशकात भिंतीला लाकूड आलं ते गडद तपकिरी, बरंचसं नकली, प्लाय किंवा हार्डबोर्डवर छापलेल्या रेषांचं, त्याचा लोकांना इतका वीट आला की नंतर बराच काळ लाकडी भिंत म्हणजे जुनाट असं समीकरण होतं. मग पांढऱ्या प्लास्टरबोर्डची घरं आली, आणि त्या पांढऱ्यात ऊब पाहिजे म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत फिकट लाकूड परत आलं. आपल्याकडच्या माणसांना हे पटायला वेळ लागतो. साग आणि शिसव बघून वाढलेले आईवडील इथं आले की फिकट भिंतीवर हात फिरवून विचारतात, पॉलिश करायचं राहिलंय का? त्यांच्या दृष्टीनं फिकट म्हणजे कच्चं लाकूड, आणि मुंबई-पुण्याच्या वखारीत सागाबाहेरच्या लाकडाला आफ्रिकन टीक म्हणून खपवतात तेव्हा रंग गडदच असतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळं आजचे भाव आणि आजची पंचाईत दोन्ही आहे. व्हिक्टोरिया सरकारनं 2019च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की सरकारी नैसर्गिक जंगलातली तोड 2030 पर्यंत बंद करू. 2023च्या मे महिन्यात ती तारीख एकदम अलीकडं ओढली, 1 जानेवारी 2024. पश्चिम ऑस्ट्रेलियानंही साधारण त्याच वेळी असंच बंद केलं. यामागं कोर्टकचेऱ्या होत्या. लेडबीटर्स पॉसम नावाचा हातभर पण नसलेला प्राणी, नामशेष झाला असं धरून चालले होते तो 1961 मध्ये परत सापडला आणि 1971 मध्ये राज्याचा मानाचा प्राणी झाला, त्याला राहायला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि माउंटन ॲशला तशी ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं जातात. 2009च्या वणव्यात त्याच्या रानाचा मोठा भाग जळाला. 2020 मध्ये एका कोर्टानं तोड करणाऱ्या सरकारी संस्थेविरुद्ध निकाल दिला, 2021 मध्ये अपिलात तो फिरला, आणि 2022च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या कोर्टानं ग्लायडर या झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या दुसऱ्या प्राण्यांसाठी तोडीआधी नीट पाहणी करा असा आदेश दिला, तिथून काम जवळपास ठप्पच झालं.

मिलवाल्या गावांचं म्हणणं होतं की उरलेली सात वर्षांची मुदत सात महिन्यांवर आणली, तीन पिढ्या याच कामात असलेल्या माणसानं कुठं जायचं, आणि हे म्हणणं खोटं नाही. तरी मला स्वतःला निर्णय बरोबर वाटतो. एक तर आग वारंवार लागायला लागली आहे, आणि हे झाड पंधरा-वीस वर्षांचं होईपर्यंत बी धरत नाही, त्याआधी दुसरी आग आली तर ते रान परत येतच नाही. दुसरं म्हणजे तोडलेल्या लाकडातलं बहुतेक कागदाच्या लगद्याला जायचं, भिंतीच्या फळ्या होणारा वाटा लहान. भिंतीसाठी जंगल गेलं असं म्हणणं चुकीचं, पण भिंतीच्या फळ्यांकडं बोट दाखवून सगळ्या तोडीचं समर्थन केलं जायचं, तेही तितकंच चुकीचं होतं.

आणि इथं नावाचा गोंधळ परत आडवा येतो. तोड बंद झाल्यावर काही मिल टास्मेनियातून आणि अमेरिकेतून लाकूड आणायला लागल्या. टास्मेनियात नैसर्गिक जंगलातली तोड चालू आहे. म्हणजे एका राज्यानं ज्या झाडाला हात लावायचा नाही असं ठरवलं तेच झाड शेजारच्या बेटावरून ओक या नावानं येऊ शकतं आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्यानं झाड मागितलेलंच नसतं, रंग मागितलेला असतो. आज दुकानात ओक या शब्दाखाली टास ओक येतो, खरा अमेरिकन व्हाइट ओक येतो, प्लायवर चिकटवलेलं युरोपियन ओकचं व्हेनियर येतं आणि नुसत्या ओक रंगाचं लॅमिनेटपण येतं. लाकूड कुठल्या राज्यातलं, कुठली प्रजाती, नैसर्गिक रान की लागवड, हे लेखी विचारलं तर बरेच दुकानदार देतात, कोणी विचारत नाही एवढंच.

रंग टिकवायचा तर फिनिशचं मात्र आधी ठरवावं लागतं, तेलाच्या पॉलियुरेथेननं ही फळी मधासारखी पिवळी पडते, पाण्याच्या फिनिशनं फिकट राहते, आणि गुलाबी झाक दबवायची असेल तर पांढरट छटेचं तेल लावतात. फळी क्वार्टर सॉन, म्हणजे खोडाच्या मध्यापासून सालीच्या दिशेनं कापलेली असेल तर रेषा सरळ उभ्या पडतात, बॅक सॉनमध्ये, म्हणजे सालीला समांतर कापलेल्या फळीत, देवळाच्या कमानीसारख्या.

या सगळ्यात सध्या नवीन येतंय ते नायटेन्स, तीही निलगिरीच. टास्मेनियात ती मुख्यतः कागदाच्या चिप्ससाठी लावली होती, म्हणून फळ्यांसाठी हवी तशी फांद्यांची छाटणी बऱ्याच ठिकाणी झालेलीच नाही, आणि फांदी होती तिथं फळीत गाठ राहते. आता त्याच लागवडीतून भिंतीच्या फळ्या निघायला लागल्यात. मागच्या महिन्यात एका वखारीत पाहिली, रंग अगदी दुधाळ, हलकी, आणि दर हातभर अंतरावर एक छोटी तपकिरी गाठ. शेजारी उभा असलेला सुतार म्हणाला, गाठी असल्या म्हणून लोक परत ठेवतात. मी दोन फळ्या घेऊन आलोय, हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, दिवसभराच्या उजेडात त्या कशा दिसतात ते बघतोय.