मुलांचा सिनेमा लिहून घेताय? आधी हे वाचा

लहान मूल थिएटरात एकटं येत नाही. आई, बाबा, आजी, मामा, कुणीतरी त्याला बोट धरून आणतं आणि दोन तास शेजारी बसतं. त्या माणसाचा हात मोबाईलकडे गेला, की तो सिनेमा शेजाऱ्यापाजाऱ्यांना जाऊन बघा म्हणून सांगणार नाही. म्हणूनच पटकथा लिहून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मोठ्यांनाही आवडेल ना?"

आवडेल. मात्र त्यासाठी मोठ्यांकरता वेगळे विनोद पेरायची गरज नसते. मुलांच्या डोक्यावरून जाणारे दुहेरी अर्थाचे संवाद आम्ही लिहून देत नाही. बाबा हसले की मूल "काय झालं?" विचारतं, आणि तेवढ्यात गोष्ट त्याच्या हातून सुटते. आमचा आग्रह एवढाच, की प्रसंग एकच असावा. मुलाला त्यातली गंमत दिसावी आणि मोठ्याला त्यामागचं कारण.

नमुना म्हणून एक प्रसंग सांगतो. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा, होम मैदान. आई विड्या वळणारी, मुलगी नऊ वर्षांची. मुलीला मोठ्या पाळण्यात बसायचंय. आई तिकिटाच्या खिडकीशी जाते, रुमालाची गाठ सोडते, पैसे मोजते, पुन्हा मोजते आणि म्हणते, "मला बाई चक्कर येते. तू बस, मी खालून बघते." पाळणा वर जातो. वरून दिवे दिसतात, सिद्धेश्वराचं तळं दिसतं आणि आई एवढीशी दिसते. मुलगी ओरडते, "आई भित्री! आई भित्री!" थिएटरातली मुलं खदाखदा हसतात. मग कॅमेरा खाली आईवर येतो. तिची मान वर आहे, आणि पदराच्या सुटलेल्या दोऱ्याशी बोटं आपोआप चालू आहेत, विडीला दोरा गुंडाळावा तशी. तिकीट एकाचंच परवडलं, हे कुणी बोलत नाही. पण मोठ्यांनी रुमालाची गाठ पाहिलेली असते.

पुढच्या वर्षी मुलगी साठवलेल्या पैशांतून दोन तिकिटं काढते. "डोळे घट्ट मीट, मी हात धरते." तिला आई अजून भित्रीच वाटते. इथे मुलीला खरं कळल्याचा एक प्रसंग घाला, असं हमखास सुचवलं जातं. आम्ही मनापासून नको म्हणतो. ते कळणं शेजारी बसलेल्या आईबाबांच्या वाट्याचं आहे. ते पडद्यावर बोलून दाखवलं, की त्यांच्याकडे घरी न्यायला काही उरत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात घडणारा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) आठवा. मुलांसाठी ती सायकल वाचवायची धडपड आहे. मोठ्यांसाठी वडील गेलेलं घर आणि डोक्यावरचं कर्ज. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

भाषेबाबत आम्ही फार हट्टी आहोत. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड कानावर पडते. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातलं मूल अम्माशी तेलुगूत बोलेल आणि वळून मित्राला मराठीत हाक मारेल. ते तसंच लिहावं. शाळेच्या गॅदरिंगसारखं शुद्ध बोलणारं मूल मुलांनाच आधी खोटं वाटतं. शेवटी गुरुजींचं भाषणही नको.

कायद्याची एक बाजू लिहितानाच सांभाळावी लागते. बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांपलीकडेही नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याच्या मानधनातली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. प्रत्येक दृश्यात तेच एक मूल असेल तर शूटिंगचे दिवस वाढतात. म्हणून आई, आजी, शेजारचे काका यांची स्वतःची दृश्यं आम्ही मुद्दाम ठेवतो. गोष्टीलाही ती हवीच असतात.

कामाची पद्धत साधी आहे. आधी गप्पा, मग पानभर गोष्ट, ती पटली तर दृश्यांची यादी आणि शेवटी संवाद. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून मुलांच्या सिनेमासाठी नव्वदेक पानं आम्हाला पुरेशी वाटतात. पैसे याच टप्प्यांवर. पहिला खर्डा आम्ही पाच-सहा मुलं आणि त्यांचे पालक यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवतो. मुलं कुठल्या पानावर चुळबुळ करायला लागली, मोठे कुठे गप्प झाले, हे समासात टिपतो. वाचनाला तुम्हीही या, घरातलं एखादं मूल घेऊन.

पहिल्या भेटीला तयार कथा नसली तरी चालेल. तुमच्या लहानपणी घरच्यांनी तुमच्यापासून लपवलेली आणि मोठेपणी उलगडलेली एक गोष्ट तेवढी आठवून या.