बालपुस्तकाची चित्रं: हक्क ‘आपोआप’ चित्रकाराचेच?

‘लेखी करार नसेल, तर चित्रांचे हक्क आपोआप आपलेच,’ असं आम्ही चित्रकार एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. नातीच्या वाढदिवसासाठी एखादी आजी गोष्टीचं पुस्तक करवून घेते, तेव्हाही आम्ही याच भरवशावर असतो. भारतात हा भरवसा धोक्याचा आहे.

1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 पहिला हक्क निर्मात्याला देतं खरं, पण अपवादही तिथेच आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग केलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक ते करवून घेणारा. म्हणजे रात्र जागून जलरंगात रंगवलेलं वाघाचं पान आजींचं ठरू शकतं!

मात्र कलम 57 प्रमाणे, हक्क दुसऱ्याकडे असले तरी चित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि बदनामी होईल अशी चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो.

म्हणून पेन्सिलचं पहिलं कच्चं रेखाटन पाठवण्याआधीच मी कोटेशनमध्ये लिहिते: ‘चित्रांचे हक्क चित्रकाराकडे, ग्राहकाला या पुस्तकाच्या छपाईपुरती परवानगी.’ आणि त्यावर दोघांच्या सह्या घेते.