गायनाच्या परीक्षेला धमार कशाला?

फोंड्या-म्हापशाच्या गायनाच्या क्लासांत मुलं बहुतेक नाट्यगीत, अभंगाच्या ओढीनं येतात. परीक्षेचा फॉर्म भरला की समोर येतो अभ्यासक्रम: हाताने ताल देत ठाह-दुगून (मूळ लय आणि तिची दुप्पट), स्वरलिपीत बंदिश लिहिणे, वरच्या वर्गांत धमारही (चौदा मात्रांच्या तालातला, ध्रुपदाच्या वळणाचा जुना गायनप्रकार). हे सगळं आलं कुठून?

विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकी शिकलेल्या या माणसाने दरबाराचा आश्रय सोडून लोकांच्या देणग्यांवर शाळा चालवली. वर्ग म्हटले की इयत्ता आल्या आणि इयत्ता म्हटल्या की परीक्षा. 1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली, पुढे कर्जापायी तिथली इमारत गेली. शिष्य मात्र गावोगाव शाळा काढून बसले होते. 1931 मध्ये पलुसकरबुवा गेल्यावर त्या विखुरलेल्या शाळांना एका सूत्रात ठेवण्यासाठी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही आजची शिडी याच मंडळाची.

पण शास्त्राच्या पेपरात विष्णु नारायण भातखंडे ठाण मांडून बसले आहेत. दहा थाट, म्हणजे रागांचे गट, त्यांचे. हे वकील गृहस्थ उस्तादांकडून बंदिशी जमवून छापत गेले. 1916 ची बडोद्याची संगीत परिषद आणि 1926 चं लखनौचं मॅरिस संगीत कॉलेज ही त्यांच्याच खटपटीची फळं. दोन्ही विष्णूंच्या स्वरलिपी वेगळ्या, आणि विशारदच्या विद्यार्थ्याला दोन्ही ओळखाव्या लागतात. धमारही असाच जुन्या गायकीचा वारसा म्हणून टिकला. मैफलीत तो आता क्वचितच ऐकू येतो. माझ्या मते तो राहावा. लय पक्की करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गोव्याची गंमत वेगळीच. केरीच्या गायिका केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई (ते जुनं कुर्डी आता साळावलीच्या धरणाखाली आहे) जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडल्या, इयत्तांत नव्हे. लयीचं अफाट गणित मांडणाऱ्या खाप्रूमामा पर्वतकरांना तर कुठला परीक्षक परीक्षेला बसवणार होता? उलट कागदावरचं संगीत गोव्याला मुळीच नवं नव्हतं. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पोरं सोल्फा (पाश्चात्य पद्धतीचे लिहिलेले सूर) वाचत, व्हायोलिन धरत. देवळातल्या गाण्याला मात्र वही लागत नव्हती.

1961 च्या मुक्तीनंतर चित्र पालटलं. 1970 मध्ये कला अकादमी आली, तिथे शास्त्रीय गायनाचे रीतसर वर्ग लागले. पुढे पदवीचीही सोय झाली. ज्या घरांत मुलीचं गाणं आधी खपवून घेतलं जात नसे, तिथे प्रमाणपत्राने वाट मोकळी केली. तेवढ्यासाठी तरी परीक्षेचं ऋण मानावं लागेल. जयपूर घराण्याचे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग मात्र सुरुवातीच्या इयत्तांत सापडणार नाहीत. ते शिकायला आजही गुरूच्या समोरच बसावं लागतं.