पार्श्वभूमी : पाहणी करणाऱ्यांवरचा विश्वास कसा उडाला

पुण्यातले व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन सोसायट्यांमध्ये जातात, तेव्हा बऱ्याचदा उलट प्रश्न त्यांनाच विचारला जातो : "नंबर कशाला हवाय? पुढे कुणाला देणार नाही ना?" या संशयामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांचा काडीचाही दोष नाही.

घरोघरच्या पाहणीची परंपरा याच शहरात रुजली. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. अशा पाहणीत विचारणारा समोर असतो. आपण काय सांगतोय, कुणाला सांगतोय हे घरच्यांना कळतं आणि नको असेल तर गप्प बसता येतं. पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूंविषयी माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला.

तंत्रज्ञान कंपन्यांनी विचारणंच सोडून दिलं. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या पानावरच्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण बदललं आणि त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. त्यातल्या कुणालाच याची कल्पना दिलेली नव्हती. संमती कुठली, तर खातं उघडताना मान्य केलेल्या अटींची! २०१४ मध्ये या प्रयोगावरचा शोधनिबंध छापून आल्यावर गदारोळ झाला आणि नियतकालिकाच्या संपादकांना चिंता व्यक्त करणारं निवेदन काढावं लागलं. वैद्यकीय प्रयोगात जे कुणी खपवून घेतलं नसतं, ते इथे सर्रास चालत होतं.

२०१८ चं केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय प्रचार-सल्लागार कंपनीचं प्रकरण तर संशोधनाच्या नावाखालीच घडलं. व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक अॅप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. पण त्यांची आणि मित्रयाद्यांमधून इतरांची अशी मिळून ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता खुद्द फेसबुकनेच मान्य केली. वर्षभरात आणखी एक गोष्ट उघड झाली : १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिना २० डॉलरपर्यंत देऊन त्यांचा फोन न्याहाळणारं अॅप. त्याचं नाव 'फेसबुक रिसर्च'.

यानंतर कंपन्यांनी दारं बंद केली, पण ती बाहेरच्यांसाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये राजकीय जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांची खाती फेसबुकने बंद केली आणि कारण दिलं खासगीपणाचं. २०२३ मध्ये ट्विटरने अभ्यासकांना होणारा माहितीचा फुकट पुरवठा थांबवला. २०२४ मध्ये क्राउडटँगल हे फेसबुकवर काय पसरतंय ते पाहण्याचं अभ्यासकांचं साधनही गेलं. कंपन्यांच्या आतले प्रयोग मात्र चालूच आहेत. मला यातला हा भाग सर्वांत अन्यायाचा वाटतो : गैरवापर झाला कंपन्यांच्या ढिलाईने आणि किंमत मोजतायत स्वतंत्र अभ्यासक.

भारतात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ च्या ग्राहक कायद्यात विश्वासाने दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांवर बंदी आली. त्याच वर्षीच्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने संशोधनाला काही सवलती दिल्या आहेत. पण युरोपात पात्र संशोधक मोठ्या कंपन्यांकडून कायद्याने माहिती मागू शकतो. तसा अर्ज करण्याची सोय पुण्यातल्या संशोधकाला भारतीय कायद्यात नाही.