आघाडीची अध्यक्षीय पद्धत (ब्राझील)

राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडून दिलेला असतो, पण संसदेत त्याच्या स्वतःच्या पक्षाकडे बहुमताच्या जवळपाससुद्धा जागा नसतात, मग तो पाच-सात, कधी दहा-बारा पक्षांची मोट बांधतो आणि तिच्या जोरावर कायदे पास करून घेतो, या सगळ्या प्रकाराला आघाडीची अध्यक्षीय पद्धत म्हणतात. हे नाव ब्राझीलचे राज्यशास्त्रज्ञ सेर्जियो अब्रांशेस यांनी १९८८ मध्ये एका लेखातून रूढ केलं, म्हणजे ब्राझीलची आत्ताची राज्यघटना आली (५ ऑक्टोबर १९८८) त्याच वर्षी. अशी पद्धत लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दिसते, पण जितकी ती ब्राझीलमध्ये ताणली गेली आणि तरी चालत राहिली तितकी दुसरीकडे क्वचितच, म्हणून ही नोंद मुख्यतः ब्राझीलबद्दल आहे.

आपल्याकडे आघाडी सरकार म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते पाठिंबा काढला आणि सरकार पडलं, १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं तसं. ब्राझीलमध्ये असं होत नाही. सगळे मित्रपक्ष सोडून गेले तरी (महाभियोग सोडला तर) राष्ट्राध्यक्ष चार वर्षं खुर्चीवरच असतो, आणि उलट बाजूने त्यालाही संसद बरखास्त करता येत नाही, म्हणजे दोघांनाही एकमेकांसोबत दिवस काढावेच लागतात. सरकार पडायची भीती नसल्यामुळे मित्रपक्षांवर धाक असा काही राहत नाही, प्रत्येक विधेयकाला नव्याने मतं गोळा करावी लागतात, आणि आघाडी नुसती निवडणुकीनंतर जुळवून भागत नाही, ती रोजच्या रोज सांभाळावी लागते.

इतके पक्ष येतात कुठून, तर निवडणूक पद्धतीतून. कनिष्ठ सभागृहात ५१३ जागा आहेत आणि प्रत्येक राज्य म्हणजे एक अख्खा मतदारसंघ, साओ पाउलोला ७० जागा, छोट्यात छोट्या राज्याला ८. मतदार पक्षाला किंवा थेट उमेदवाराला मत देतो, पक्षाच्या एकूण मतांवरून जागा ठरतात आणि त्या जागांवर पक्षातला कोण बसणार हे वैयक्तिक मतांवरून ठरतं, त्यामुळे उमेदवाराची खरी मारामारी स्वतःच्याच पक्षातल्या माणसाशी असते आणि खासदाराला पक्षाच्या नावापेक्षा आपल्या गावाला आणलेला रस्ता, दवाखाना, ॲम्ब्युलन्स जास्त उपयोगी पडते. २०१८ च्या निवडणुकीत ३० पक्ष सभागृहात आले. २००२ मध्ये लुला प्रचंड फरकाने राष्ट्राध्यक्ष झाले तरी त्यांच्या कामगार पक्षाला मिळाल्या ९१ जागा, आणि तो तेव्हा सगळ्यात मोठा पक्ष होता! २०१७ च्या घटनादुरुस्तीने छोट्या पक्षांवर किमान मतांची अट घातली, विधिमंडळांच्या निवडणुकीतल्या युत्या बंद केल्या, त्यामुळे संख्या आता हळूहळू कमी होतेय.

दुसरी अडचण घटनेचीच आहे. १९८८ ची घटना फार तपशीलवार लिहिलीये, पेन्शनचे नियम, करांची वाटणी, सरकारी नोकरांच्या अटी सगळं तिच्यातच, त्यामुळे मोठी सुधारणा करायची म्हणजे जवळजवळ दरवेळी घटनादुरुस्ती आलीच. त्यासाठी दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात, कनिष्ठ सभागृहात ३०८ आणि सिनेटमध्ये ८१ पैकी ४९, आणि तीही प्रत्येकी दोन-दोन फेऱ्यांत. साधं बहुमत जमवतानाच दमछाक होणाऱ्या माणसाला हे चार वेळा करायचं असतं.

मग तो करतो काय? हातात काही ठराविक गोष्टी असतात. मंत्रिपदं आणि सरकारी कंपन्यांमधल्या नेमणुका वाटणं ही पहिली. दुसरा तात्पुरता वटहुकूम, जो निघाल्या दिवसापासून कायदा म्हणून लागू होतो आणि संसदेला त्यावर नंतर मत द्यावं लागतं. आधी त्याची मुदत ३० दिवस होती पण तो पुन्हा पुन्हा काढता यायचा, २००१ च्या दुरुस्तीनंतर ६० अधिक ६० दिवस आणि मग संपला. तिसरी म्हणजे बजेट, ज्यात खासदारांनी सुचवलेल्या कामांचे पैसे सोडायचे की अडवायचे हे बरीच वर्षं सरकार ठरवायचं. शिवाय संसदेत कोणतं विधेयक तातडीचं हे पक्षांचे गटनेते आपसांत बसून ठरवतात, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला ५१३ जणांशी नाही तर पंधरा-वीस गटनेत्यांशी बोलावं लागतं. आर्जेलिना फिगेरेदो आणि फर्नांदो लिमोंजी या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात प्रत्यक्ष मतदानाच्या नोंदी तपासून दाखवलं की ब्राझीलचे खासदार बाहेरून वाटतात तितके बेशिस्त नाहीत, गटनेत्याने सांगितलं की बहुतेक तसंच मत देतात. त्याआधी हुआन लिंझ यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांचं म्हणणं होतं की अध्यक्षीय पद्धत आणि भरपूर पक्ष हे मिश्रण टिकणारच नाही. ब्राझीलच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही.

पण टिकणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. फर्नांदो कॉलोर १९८९ मध्ये एका अगदी छोट्या पक्षाकडून निवडून आले आणि त्यांना वाटलं की थेट जनतेचा कौल आहे तर संसद कशाला विचारायची. मार्च १९९० मध्ये वटहुकूम काढून त्यांनी लोकांच्या बँक खात्यांतली ५०,००० क्रुझादो नोव्होच्या (तेव्हाचं चलन) वरची रक्कम १८ महिन्यांसाठी गोठवली. महागाई काही महिन्यांत परत आली, भ्रष्टाचाराचं प्रकरण निघालं आणि सप्टेंबर १९९२ मध्ये महाभियोगाच्या बाजूने ४४१ खासदार उभे राहिले, कारण त्यांना वाचवण्यात कोणाचाच काही फायदा उरला नव्हता.

याच्या बरोबर उलटं उदाहरण फर्नांदो हेन्रिक कार्दोसो यांचं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. १९९३ मध्ये महागाई वर्षाला २,४०० टक्क्यांच्या वर होती. इतामार फ्रँको यांच्या सरकारात अर्थमंत्री असताना कार्दोसोंनी आधी संसदेकडून खर्चात थोडी मोकळीक देणारी घटनादुरुस्ती करून घेतली, मग मार्च १९९४ मध्ये किमती मोजायचं एक कागदी एकक आणलं, आणि लोकांना त्याची सवय झाल्यावर १ जुलै १९९४ ला रेआल हे खरं चलन बाजारात आलं. हे सगळं वटहुकमांवर उभं होतं, मुख्य वटहुकूम दर महिन्याला परत परत काढत पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत ओढत नेला तेव्हा त्याचा कायदा झाला. महागाई कोसळली आणि कार्दोसो ऑक्टोबरमध्ये पहिल्याच फेरीत राष्ट्राध्यक्ष झाले. तरी त्यांच्या पक्षाकडे सभागृहाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतक्या जागा होत्या. त्यांनी निवडणुकीआधीच पीएफएलशी, म्हणजे लष्करी राजवटीला साथ देणाऱ्यांमधून निघालेल्या उजव्या पक्षाशी, हातमिळवणी केली, उपराष्ट्राध्यक्षपद त्यांना दिलं, नंतर पीएमडीबी या मोठ्या मध्यममार्गी पक्षाला आत घेतलं आणि मंत्रिपदं बऱ्यापैकी ताकदीच्या प्रमाणात वाटली. जुने डावे मित्र फार रागावले. पण तेल आणि टेलिकॉममधली सरकारी मक्तेदारी संपवणाऱ्या दुरुस्त्या १९९५ मध्ये पटापट पास झाल्या त्या या वाटणीमुळेच.

तरीही इतकी पक्की आघाडी असून पेन्शनवर ते अडकले. मे १९९८ मध्ये निवृत्तीच्या किमान वयाच्या कलमावर ३०७ मतं पडली, एक कमी, आणि त्यात सरकारच्याच बाजूचे माजी मंत्री आंतोनियो कांदिर यांनी चुकून तटस्थ राहण्याचं बटण दाबलं होतं. खासगी क्षेत्रातल्या सगळ्यांना लागू होणारं किमान वय त्यानंतर थेट २०१९ मध्ये आलं, पुरुषांना ६५ आणि बायकांना ६२.

लुलांच्या पहिल्या सरकारने २००३ मध्ये बरंच काही केलं, सरकारी नोकरांच्या पेन्शनची दुरुस्ती (विरोधात मत दिलं म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या चार खासदारांना काढून टाकलं), आणि बोल्सा फामिलिया ही गरीब कुटुंबांना दरमहा पैसे देणारी योजना, जी वटहुकमाने सुरू झाली. पण महत्त्वाची मंत्रिपदं बहुतेक स्वतःच्याच पक्षाकडे ठेवली. २००५ मध्ये मित्रपक्षाचे नेते रोबेर्तो जेफरसन यांनी जाहीर केलं की मतांसाठी खासदारांना महिन्याला ३०,००० रेआल दिले जातात. या मेन्सालाओ प्रकरणात लुलांचे उजवे हात जोझे दिर्सेउ गेले, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोठमोठ्या लोकांना दोषी ठरवलं. काही अभ्यासक म्हणतात की सत्तेत वाटा दिला नाही म्हणून रोख द्यावी लागली. हे मला पटतं, पण यात गुन्हा सौम्य होत नाही, कारण मंत्रिपद कोणाला दिलं हे लोकांना दिसतं आणि पाकीट दिसत नाही.

यानंतरचा खरा बदल पैशाच्या बाजूने झाला आणि तो बातम्यांमध्ये कमी आला. २०१५ च्या दुरुस्तीने खासदारांनी सुचवलेल्या वैयक्तिक कामांचा निधी देणं सरकारवर बंधनकारक केलं. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हातातला नळ गेला. त्याच वर्षी सभापती झालेले एदुआर्दो कुन्हा आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांचं फाटलं, आणि महाभियोगाची तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे एकट्या सभापतीच्या हातात असतं, तेव्हा कुन्हांनी डिसेंबरमध्ये ती घेतली, ज्या दिवशी दिल्मांच्या पक्षाने सभागृहाच्या नैतिकता समितीत कुन्हांच्या विरोधात मत द्यायचं ठरवलं त्याच दिवशी. मार्च २०१६ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर यांचा पीएमडीबी सरकारातून बाहेर पडला, १७ एप्रिलला ३६७ विरुद्ध १३७ असं मतदान झालं. मंदी होती, पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतला घोटाळा होता, लोक रस्त्यावर होते, पण आघाडी शाबूत असती तर दिल्मा गेल्या नसत्या असं माझं स्पष्ट मत आहे. नंतरचे राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांच्या विरोधात शंभरावर तक्रारी आल्या आणि एकही पुढे सरकली नाही.

बोल्सोनारो २०१९ मध्ये आले तेच देवाणघेवाण करणार नाही असं म्हणत. पेन्शन सुधारणा त्यांच्या काळात ३७९ मतांनी पास झाली खरी, पण आघाडी त्यांच्याकडे नव्हतीच, मतं जुळवली सभापती रोद्रिगो माइया यांनी. पुढे अडचणीत आल्यावर त्यांनी सेंत्राओला जवळ केलं, म्हणजे विचारसरणीपेक्षा सत्तेच्या जवळ राहणाऱ्या मधल्या-उजव्या पक्षांच्या गटाला, आणि २०२१ मध्ये त्याच गटाचे आर्थर लिरा सभापती झाले. बजेट मांडणाऱ्या खासदाराच्या नावाखाली प्रचंड निधी वाटला गेला, कोणी मागितला हे कळायची सोयच नव्हती, म्हणून लोक त्याला गुप्त बजेट म्हणायला लागले. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६-५ ने तो रद्द केला. पण बाकीचे मार्ग राहिले, आणि आता खासदारांच्या कामांचा एकूण निधी वर्षाला ५,००० कोटी रेआलच्या घरात गेलाय. आपल्या खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपये निधी मिळतो, तिथल्या एका खासदाराचा नुसता वैयक्तिक निधी २०२४ मध्ये रुपयांत पन्नास-साठ कोटींच्या आसपास जात होता.

म्हणून लुलांच्या तिसऱ्या सरकारातली करसुधारणा बघताना ती राष्ट्राध्यक्षाने पास केली असं सरळ म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ ची ही घटनादुरुस्ती म्हणजे त्यांचा जीएसटी, पाच कर जाऊन एक केंद्राचा आणि एक राज्यं व महापालिकांचा असे दोन कर येणार, बदल २०२६ ते २०३३ असा टप्प्याटप्प्याने. तीस-पस्तीस वर्षं हे अडलं होतं कारण राज्यांना उत्पन्न जायची भीती, जी आपल्याकडेही होती आणि मुंबई महापालिकेला जकातीची भरपाई द्यावी लागली होती. तिकडे भरपाईचं गणित इतकं लांबवलं की राज्याराज्यांमधली वाटणी २०७८ पर्यंत हळूहळू बदलणार आहे. मूळ प्रस्ताव २०१९ चा, संसदेतलाच, सरकारने त्याला अर्थमंत्री फर्नांदो हादाद यांच्यामार्फत बळ दिलं, निधी सोडला, लिरांनी वेळ साधली आणि जुलै २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ३८२ मतं मिळाली.

शेजारी पाहिलं तर चिलीमध्ये १९९० ते २०१० सलग चार राष्ट्राध्यक्ष एकाच आघाडीचे झाले, पण तिथे तेव्हाची निवडणूक पद्धतच दोन मोठ्या आघाड्यांकडे ढकलणारी होती. पेरूमध्ये उलट, २०२२ मध्ये संसदेत १३० पैकी ८७ मतं जमली की राष्ट्राध्यक्ष जायचा, आणि आघाडी बांधायची सवयच नाही. पेद्रो कास्तियो यांनी ७ डिसेंबर २०२२ ला संसद बरखास्त केल्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी त्यांना पदावरून काढून अटक झाली.

ब्राझीलमध्ये आत्ता अवस्था अशी आहे की मंत्रिपद देऊन पूर्वीसारखी मतं मिळत नाहीत. जून २०२५ मध्ये लुलांनी आर्थिक व्यवहारांवरचा कर वाढवणारा आदेश काढला होता तो कनिष्ठ सभागृहाने ३८३ विरुद्ध ९८ ने उडवला आणि उडवणाऱ्यांत सरकारात मंत्री असलेल्या पक्षांचे ढिगाने खासदार होते, शेवटी त्यातला बराचसा भाग सुप्रीम कोर्टाने परत लागू केला. आणि साधारण तीनच महिन्यांत, १ ऑक्टोबरला, महिना ५,००० रेआलपर्यंतच्या पगारावर इन्कम टॅक्स माफ करायचं लुलांचंच विधेयक त्याच सभागृहात ४९३ विरुद्ध शून्य असं पास झालं, कारण पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि त्याला विरोध करणं कोणालाच परवडणारं नव्हतं.